साडेपाचची भूक

श्रेयस घाटगेच्या शर्टाच्या खिशात कायम मूठभर बेदाणे असायचे. तासगाव रस्त्यावरच्या एका शीतगृहाचा तो व्यवस्थापक, त्यामुळे लोकांना वाटायचं, धंद्याचा नमुना बाळगतो. पण ते बेदाणे असायचे मुक्तासाठी, त्याच्या बायकोसाठी. मुक्ताला अकराव्या वर्षी टाइप वन मधुमेह झाला होता. कमरेला इन्सुलिनचा पंप, दंडावर साखर मोजणारा सेन्सर. साखर एकदम खाली आली की तिला घाम फुटायचा, पण तो नंतर. आधी ती भांडायला लागायची. पडद्यांचा रंग, सासूबाईंचं एखादं जुनं वाक्य, काहीही पुरायचं. श्रेयस शांतपणे खिशात हात घालायचा आणि म्हणायचा, "आधी बेदाणे, मग भांडण." बेदाणे पोटात गेले की थोड्या वेळाने भांडण कशावरून होतं तेही तिला आठवायचं नाही.

ह्या आजाराबरोबर दोघांनी बारा वर्षं संसार केला होता आणि त्यात हसण्यासारखंही पुष्कळ होतं. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी हमखास म्हणायचं, "एवढीशी जिलबी, काही होत नाही." मुक्ता म्हणायची, "तुम्हाला काही होत नाही हो." तिच्या आत्याने वर्षानुवर्षं कारल्याचा रस सुचवला. शेवटी मुक्ताने विचारलं, "आत्या, तुटलेला पाय कारल्याने परत फुटतो का?" एकदा सांगलीत नाटकाला गेले असताना नायक प्राण सोडत होता आणि नेमका तेव्हा मुक्ताचा पंप कुंईऽ करून वाजला. मागच्या रांगेतून आवाज आला, "गेला वाटतं."

रात्रीचं जेवण हा मात्र दोघांचा खास खेळ होता. शीतगृह बंद करून श्रेयस घरी यायचा तेव्हा नऊ वाजून गेलेले असत. साडेनऊला ताटं. समोरच्या भाकरीत, भातात, आंब्याच्या फोडीत किती कर्बोदकं आहेत याचा आकडा दोघांनी बोलायचा, त्याप्रमाणे पंपाला इन्सुलिन सांगायचं आणि नंतर सेन्सर निकाल देईल तो मानायचा. ज्याचा अंदाज चुकेल त्याने भांडी घासायची. मुक्ताला जे जास्त होईल ते श्रेयसच्या ताटात यायचं. मुक्ताची साखर आपल्याइतकी तिलाही कळत नाही, असं तो मित्रांमध्ये सांगायचा आणि ते बरंचसं खरं होतं.

मग मिरजेतल्या एका पेशी-केंद्राने नवा उपचार सुरू केला.

आपल्या जठरामागे स्वादुपिंड असतं. त्यातल्या बीटा पेशी रक्तातली साखर सतत चाखत असतात आणि लागेल तेवढं इन्सुलिन सोडतात. टाइप वनमध्ये शरीराची संरक्षक फौज ह्या पेशींनाच शत्रू समजून मारून टाकते. नव्या बीटा पेशी प्रयोगशाळेत वाढवणं केव्हाच जमलं होतं, पण काचेच्या बशीत वाढलेल्या पेशी पोरकट राहत. नको तेव्हा इन्सुलिन सांडायच्या, हवं तेव्हा गप्प बसायच्या. मिरजेच्या डॉक्टर फरीदा मुजावर यांनी ह्या कच्च्या पेशी दुधावरच्या सायीसारख्या पातळ पट्टीत बसवल्या. पट्टीची भोकं इतकी बारीक की साखर आणि इन्सुलिन ये-जा करू शकेल, पण संरक्षक पेशींना आत शिरता येणार नाही. ही पट्टी आधी एखाद्या निरोगी माणसाच्या दंडात, कातडीखाली, तीन महिने ठेवायची. त्या माणसाचं जेवण, झोप, काम यांच्याबरोबर पेशी पिकत, कधी किती इन्सुलिन सोडायचं ते शिकत. मग पट्टी काढून रुग्णाच्या दंडात बसवायची. पट्टी पिकवणाऱ्या माणसाला केंद्रात 'धात्री' म्हणत, म्हणजे दूध पाजणारी दाई. पुरुष असला तरी धात्रीच. धात्री कोण, हे रुग्णाला सांगायचं नाही, असा केंद्राचा नियम होता.

मुक्ता कृष्णेच्या पुराचा अंदाज देणाऱ्या कचेरीत काम करायची. तिच्यासाठी कचेरीतल्या लोकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी मिरजेला जाऊन तपासण्या करून घेतल्या. रांगेत पहिला उभा होता श्रेयस. अहवाल घेऊन डॉक्टर मुजावर त्याच्यासमोर बसल्या.

"घाटगे, तुमचीच साखर काठावर आहे. तुमच्या दंडात पेशी शिकतील, पण चुकीचं शिकतील."

बारा वर्षं मुक्ताच्या ताटातलं उरलेलं कुठे गेलं, ते त्या अहवालात लिहिलेलं होतं. परतीच्या बसमध्ये मुक्ता डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. श्रेयसही हसला, पण त्याचं हसणं मिरज मागे पडायच्या आतच संपलं.

तीन-साडेतीन महिन्यांनी मुक्ताच्या दंडात कुणीतरी पिकवलेली पट्टी बसली. आठवडाभरात तिची साखर तुमच्याआमच्यासारखी झाली. पंप कपाटात गेला. मुक्ताने पहिल्याच रविवारी गाड्यावर उभं राहून दोन प्लेट पोहे खाल्ले. सवयीने श्रेयस आकडा पुटपुटला. मुक्ता म्हणाली, "अरे, आता कुणाला सांगायचाय?" ती आनंदात होती. तोही होता. फक्त हातांचं काय करावं हे त्याला कळेना.

एके दिवशी ती पडद्यांवरून चिडली. श्रेयसचा हात खिशात गेला. मुक्ताने पुढे आलेल्या बेदाण्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "श्रेयस, मला तो रंग खरंच आवडत नाही."

मग भुकेचं सुरू झालं. मुक्ताला संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला अशी भूक लागायची की समोरचा कागदही खावासा वाटे. आणि रात्री साडेनऊला श्रेयसबरोबर ती जेवायला बसली की साखर भराभर चढायची, पहाटेपर्यंत उतरायची नाही. दिवसा शहाण्यासारखी वागणारी पट्टी रात्री जणू ढाराढूर झोपायची.

"झोपतेच ती," डॉक्टर मुजावर म्हणाल्या. "आपल्या प्रत्येक पेशीत घड्याळ असतं. मेंदूतलं घड्याळ उजेडावर लावलं जातं, पोटातली घड्याळं जेवणाच्या वेळांवर. ह्या पेशी तीन महिने ज्या शरीरात पिकल्या, त्याच्या वेळा त्यांनी उचलल्या. त्यांच्या हिशेबाने संध्याकाळी लवकर जेवण होतं आणि दिवस मावळला की दुकान बंद."

"घड्याळ बदलता येईल?" श्रेयसने विचारलं.

"सावकाश. महिन्याला पाच-दहा मिनिटं सरकेल, कदाचित. घाई केलीत तर पेशी दमून मरतील. त्यापेक्षा लवकर जेवा. आम्हीही आता सगळ्यांना तेच सांगायला लागलोय."

"धात्री कोण होती म्हणायची?"

"ते मी सांगणार नाही हे तुम्हाला माहीत आहे."

परतताना चालकाविना धावणाऱ्या बसमध्ये श्रेयस खिडकीशी बसला होता. त्याला विचारायची गरजच उरली नव्हती. मुक्ताच्या शेजारच्या टेबलावर सन्मती मगदूम बसायचे. नदीच्या पातळीचे आकडे दोघं मिळून बघत. त्या भागातल्या पुष्कळ जैन घरांसारखे मगदूमही दिवस मावळायच्या आत जेवत. साडेपाचला त्यांचा डबा उघडला की कचेरीतले लोक घड्याळं लावून घेतात, हा मुक्ताचाच जुना विनोद होता. तपासणीला मगदूमही आले होते. आणि त्यांची साखर काठावर वगैरे नव्हती. मगदूम सडसडीत होते, सकाळी नदीकाठी पळायला जात.

घरी आल्यावर तो म्हणाला, "तुला कळलं ना कोण ते?"

"नाही, आणि कळून घ्यायचंही नाही," मुक्ता म्हणाली. "कळलं की त्या माणसाशी मला जन्मभर नीट वागावं लागेल."

"मगदूम आहेत."

"असतील. नसतील." तिने बुटांच्या नाड्या सोडल्या. "श्रेयस, अकराव्या वर्षापासून माझं अंग म्हणजे चारचौघांचा विषय आहे. आईचा, डॉक्टरांचा, पंगतीतल्या बायकांचा, तुझा. आत्ता कुठे ते माझं एकटीचं झालंय. राहू दे ना जरा."

त्या 'तुझा'वर श्रेयस अडकून राहिला. पंगतीतल्या बायकांच्या रांगेत तिने त्याला बसवलं होतं.

मुक्ता कचेरीतच लवकर जेवायला लागली. एका संध्याकाळी शीतगृहातून लवकर सुटून श्रेयस तिथे गेला. काचेच्या दारातून त्याला दोघं दिसली. मधल्या टेबलावर मगदूमांचा मोठा डबा उघडा होता. कांदा-लसणाशिवायची आमटी, मुगाची धिरडी, दोघांना पुरून उरतील एवढ्या चपात्या. मुक्ता खात होती. ताटाकडे न बघता, आकडा न बोलता, एका हाताने पडद्यावरचा आलेख सरकवत ती जेवत होती आणि मगदूम पलीकडे त्याच आलेखाबद्दल काहीतरी सांगत होते. ती किती खाते याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. ते श्रेयसला सगळ्यात जास्त लागलं. त्याला बारा वर्षं जे करावं लागलं होतं, ते ह्या माणसाला करावंच लागत नव्हतं. त्याने ते आधीच करून ठेवलं होतं.

"या की श्रेयसराव," मगदूमांनी त्याला पाहून हाक मारली. "धिरडं घ्या. पद्मजा हल्ली डबा जास्तच भरते."

"मी ह्या वेळेला जेवत नाही," श्रेयस म्हणाला.

मत्सर ही मोठी कामसू गोष्ट असते, तिला सुट्टी नसते. श्रेयसला आता सगळीकडे मगदूमच दिसायला लागले. रात्री मुक्ता कुशीवर वळली की तिचा दंड त्याच्याकडे यायचा आणि त्या बारीक व्रणाकडे बघत तो पडून राहायचा. दुसऱ्या पुरुषाच्या तीन महिन्यांच्या संध्याकाळी त्या कातडीखाली मुक्कामाला आल्या होत्या. मुक्ताला भूक लागायची ती त्याची भूक होती. तिला पेंग यायची तेव्हा तो पेंगत असणार. साडेनऊला श्रेयस एकटाच ताट घेऊन बसायचा आणि समोर मुक्ता पाण्याचा पेला घेऊन सोबतीला बसायची, तीही जांभया देत.

"मी आता असंच एकट्याने जेवायचं का?" त्याने एकदा विचारलं.

"तू लवकर ये ना."

"शीतगृह मी साडेपाचला बंद करू? मगदूमांच्या घड्याळावर?"

दुसऱ्या दिवशी रात्री तिने दोन ताटं वाढली. श्रेयसने ते पाहिलं आणि नको म्हणाला नाही. तिने भाकरी मोडली, तो म्हणाला, "तीस," ती म्हणाली, "पस्तीस," आणि त्याला वाटलं, आपली बायको परत आली. भांडी त्याने न हरताच घासली. पुढे ते रोजचं झालं. सेन्सरचा इशारा तिने फोनवर बंद करून ठेवला होता, हे त्याच्या लक्षात आलं होतं. ज्याला तिची साखर तिच्याहून जास्त कळायची, त्या श्रेयसने तो फोन उचलून पाहिला नाही.

दिवाळी उलटली आणि मुक्ता सकाळी उठतानाच थकलेली दिसायला लागली. तहान, चिडचिड, वजन उतरलेलं. मिरजेला पट्टी तपासली तेव्हा निम्म्याहून जास्त पेशी मेलेल्या होत्या.

"रात्री जेवता?" डॉक्टर मुजावर यांनी विचारलं.

श्रेयस तोंड उघडणार, तेवढ्यात मुक्ता म्हणाली, "मला सवय आहे लहानपणापासून. सुटली नाही."

डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. "पट्टी काढावी लागेल. दुसरी बसवता येईल, पण त्याच धात्रीची हवी. ती तुमच्या शरीराने चालवून घेतली आहे, दुसरी घेईलच असं नाही. मी धात्रीला कळवते. मात्र सक्ती करता येत नाही."

कपाटातला पंप पुन्हा मुक्ताच्या कमरेला आला. त्या रात्री तो वाजला तेव्हा श्रेयसला एक क्षणभर बरं वाटलं, आणि मग त्याला स्वतःची इतकी शिसारी आली की तो उठून बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला. मुक्ताने त्याच्यावर आरोप केला नाही. ती फक्त पंपाची नळी लावताना भिंतीकडे तोंड करून बसायची.

धात्रीकडून महिनाभर उत्तर आलं नाही. शेवटी श्रेयसने ठरवलं, मगदूमांचे पाय धरावे लागले तरी धरायचे.

मगदूम सांगलीतल्या विश्रामबागेत राहत. खाली त्यांच्या बायकोचं, पद्मजाचं, चष्म्याचं दुकान होतं आणि वर घर. दुपारी श्रेयस गेला तेव्हा पद्मजा एका म्हाताऱ्यांच्या नाकावर फ्रेम बसवत होती. उंच, रेखीव, मोजकं बोलणारी बाई. श्रेयसशी तिची कार्यक्रमात भेटण्यापुरती ओळख होती. मुक्ताशी ती कधीच फार मोकळी बोलली नव्हती.

"हे गावात नाहीत, भावजी. कोयनेला गेलेत. काही काम होतं?"

"होतं त्यांच्याशीच."

"चष्म्याचं?"

"नाही. मुक्ताचं."

पद्मजाने म्हाताऱ्यांना वाटेला लावलं, काचेचं दार लोटून घेतलं आणि डोळे तपासायच्या खुर्चीकडे हात केला. दुसरी खुर्चीच नव्हती. श्रेयस तिच्यात बसला. समोर भिंतीवर मोठ्यापासून बारीक होत जाणारी अक्षरं होती.

"पहिली पट्टी कशी मेली?" पद्मजाने विचारलं.

श्रेयस चपापला. पण तिला माहीत असणारच होतं. नवऱ्याच्या दंडात तीन महिने काहीतरी होतं, ते बायकोला कळल्यावाचून कसं राहील?

"माझ्यामुळे," तो म्हणाला. "तिने रात्री माझ्याबरोबर जेवावं म्हणून मी हट्ट धरला. तोंडाने नाही धरला, पण धरला."

"का?"

"मला सहन होत नव्हतं, वहिनी. ते मगदूमांचं आहे, हे सहन होत नव्हतं. त्यांच्या वेळेला तिला भूक लागते, त्यांच्या वेळेला झोप. मला वाटायचं, माझ्या घरात ते राहायला आलेत." बोलून झाल्यावर त्याला वाटलं, हे ह्या बाईला सांगायला नको होतं. "तुम्हाला वाईट वाटेल. पण आता मी विनंती करायला आलोय. त्यांनी पुन्हा एकदा..."

पद्मजाने त्याला पुढे बोलू दिलं नाही. तिने डाव्या हाताची बाही वर सारली. दंडावर बारीक, गुलाबी, आडवा व्रण होता. मुक्ताच्या दंडावर होता तसाच.

श्रेयस त्याच्याकडे बघत राहिला.

"ह्यांच्या तपासण्या चांगल्या आल्या होत्या," पद्मजा म्हणाली. "माझ्याही आल्या होत्या. हे घरी येऊन म्हणाले, मी देतो. मी म्हटलं, तुम्ही नाही."

"का?"

"तुम्ही आत्ता सांगितलंत तेच." तिने बाही खाली ओढली. "आठ वर्षं हे घरी येऊन मुक्ताबद्दल सांगतात. मुक्ताने आज असं शोधून काढलं, मुक्ता आज असं म्हणाली, मुक्ताची साखर आज पडली. तिच्यासाठी ह्यांच्या टेबलाच्या खणात खडीसाखर असते, ठाऊक आहे तुम्हाला? मला साधी डोकेदुखी झाली तर गोळी कुठे ठेवलीय ते ह्यांना सापडत नाही. तिच्यात वाईट काही नाही, मला माहीत आहे. ह्यांच्यातही नाही. पण ह्यांनी तीन महिने तिच्यासाठी काहीतरी अंगात वागवायचं आणि मग ते कायमचं तिच्या अंगात राहायचं? मला झोप आली नसती. मी म्हटलं, द्यायचंच आहे ना, मी देते."

बाहेर कुणीतरी दाराशी आलं. पद्मजाने हातानेच 'नंतर या' म्हणून सांगितलं.

"केंद्रात सगळे म्हणाले, मन केवढं मोठं. मी काही बोलले नाही."

श्रेयसला हसू येत होतं आणि रडूही. "मी तुमच्यावर जळत होतो म्हणजे."

"हो. आणि मी तुमच्या बायकोवर. ती आपली सुखाने धिरडी खात होती." पद्मजाच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. "डब्यात जास्तीचं मीच घालत होते. साडेपाचला तिला भूक लागते हे ह्यांनी सांगितलं, तेव्हा मला कसंतरीच झालं. माझीच भूक ना ती. तिला उपाशी कशी ठेवणार?"

तिने काउंटरवरची एक फ्रेम उचलून खोक्यात ठेवली. मग ती म्हणाली, "पट्टी काढली त्या दिवशी मी रडले. तीन महिने काहीही खाताना माझा हात दंडाकडे जायचा. ह्यांनाच काय, कुणालाच ते सांगितलं नाही. आणि तुम्ही ती चार दिवसांत मारून टाकलीत."

"हो," श्रेयस म्हणाला.

"केंद्राला मी कळवते, हो म्हणून. तिला रात्री जेवू घालायचं नाही. आणि मी देतेय हे तिला सांगायचं नाही. तिने माझे आभार मानलेले मला सोसणार नाहीत. मी ते चांगल्या मनाने केलं नव्हतं."

पद्मजाच्या दंडात दुसरी पट्टी बसली. तेव्हा कचेरीत धरणांच्या पाण्याच्या वाटपाचं काम निघालं आणि मगदूम सारखे दौऱ्यावर राहू लागले, म्हणून तपासणीसाठी पद्मजाला मिरजेला नेण्या-आणण्याचं काम श्रेयसने आपणहून घेतलं. जाताना ती गाडीत फारसं बोलायची नाही. येताना दुकानाच्या मागच्या खोलीत चहा द्यायची. शीतगृहातली एक पाळी त्याने साहाय्यकावर सोपवली आणि तो घरी सहाच्या आत यायला लागला. इतक्या लवकर जेवायला त्याच्या पोटाची तयारी नव्हती, पण तो बसायचा. मुक्ता त्याच्याकडे निरखून बघायची आणि काही विचारायची नाही.

एका संध्याकाळी तिने विचारलं.

आधी तिने फोन त्याच्यासमोर ठेवला. पडद्यावर तिची साखर दिसत होती. "बघ. एकशे दहा आहे. बेदाणे काढू नकोस." मग म्हणाली, "तुला चष्मा लागलाय?"

"नाही."

"मग आठवड्यातून दोनदा चष्म्याच्या दुकानात काय असतं?"

श्रेयसने हातातला घास ताटात ठेवला.

"कचेरीतल्या तिघांनी तुला बघितलंय. मगदूम दौऱ्यावर असले की तू तिथे असतोस. एकदा गाडीतून पद्मजाबाईंना घेऊन जात होतास. मागच्या दाराने बाहेर पडलास म्हणे." तिचा आवाज चढला नव्हता, पण त्यातली धार श्रेयसने ताबडतोब ओळखली. वर्षभर ती त्याच्याच आवाजात होती. "मी आजारी पडले म्हणून तू लवकर घरी येतोस, असं मला वाटत होतं. वेडी मी."

खरं तर त्याला ह्याच क्षणाची हौस होती. आपल्यावरून मुक्ताने जळावं, निदान एकदा तरी, असं त्याला किती रात्री वाटलं होतं. पण समोर ती बसली होती, जेवण टाकून, पंपाची नळी बोटाभोवती गुंडाळत, आणि तिच्या चेहऱ्यावर ते बघताना त्यात काडीचंही सुख नव्हतं. एवढं दुखतं हे, आणि आपण तिला ते रोज पंगतीला वाढत होतो, असं त्याला वाटलं.

"मी शब्द दिलाय," तो म्हणाला.

"मला नव्हता दिलास?"

मग त्याने सगळं सांगितलं. साडेनऊच्या ताटांपासून पद्मजाच्या दंडापर्यंत. त्याचं बोलणं संपल्यावर ती उठली, तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "चल."

"कुठे?"

"विश्रामबागेत."

दुकान उघडं होतं. मगदूम त्या दिवशी गावात होते आणि काउंटरमागे उभे राहून फ्रेमा पुसत होते. मुक्ताला बघून त्यांनी हसायला सुरुवात केली आणि श्रेयसचा चेहरा पाहून थांबवली. पद्मजा आतून आली. मुक्ताच्या चेहऱ्यावरून तिला कळलं. तिने श्रेयसकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला.

मुक्ता तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. दोघींपैकी कुणीच बसलं नाही. आता आभार येणार, म्हणून पद्मजाने जबडा आवळून धरला होता.

"पद्मजाताई," मुक्ता म्हणाली, "एक विचारायचं होतं. ह्या खेपेला तीन महिने जरा उशिरा जेवाल का? साडेसातपर्यंत. म्हणजे ह्याचं शीतगृहही नीट चालेल."

मगदूमांच्या हातातली फ्रेम तशीच राहिली. पद्मजाने मुक्ताकडे टक लावून पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

"बरं. विचारून बघितलं."

पद्मजाच्या तोंडून एकदम हसू फुटलं, अनपेक्षित आणि मोठं, जणू बरेच दिवस दाबून धरलेलं. मुक्ताही हसली, पण हसता हसता तिचे डोळे भरून आले. तेव्हा पद्मजाने तिचं मनगट धरलं आणि म्हणाली, "इथे नको. आत ये." दोघी मागच्या खोलीत गेल्या. दार लागलं.

दुकानात श्रेयस आणि मगदूम उरले. मगदूमांनी फ्रेम जागेवर ठेवली, दुसरी उचलली, तीही ठेवली. आतून हळू आवाजात बोलणं ऐकू येत होतं. शब्द कळत नव्हते. मग पद्मजा काहीतरी म्हणाली आणि मुक्ता हसली. असं मनमोकळं, पोटातून आलेलं हसू श्रेयसने कितीतरी महिन्यांत ऐकलं नव्हतं.

"काय बोलत असतील?" मगदूमांनी विचारलं.

"कुणास ठाऊक."

"आपल्याबद्दल असेल?"

"असेल," श्रेयस म्हणाला, आणि छातीत ओळखीची बारीकशी कळ उठली. दाराकडे बघत, आतून हाक येण्याची वाट पाहत, दोघं बराच वेळ उभे राहिले.